पिंपातलं पत्र

नागासाकी बंदर, १४ ऑगस्ट १७७४

इम्के,

तुझं पत्र मिळालं. मिळालं म्हणजे माझ्या हाती आलं, एवढंच. वाचलेलं नाही, आणि आता नोव्हेंबरपर्यंत वाचताही येणार नाही. तू कपाळाला हात लावला असशील, म्हणून आधी सगळं नीट सांगतो.

या बंदरात ख्रिस्ताचं नाव असलेला कागद चालत नाही. बंदराच्या तोंडाशी आलो की कप्तान सगळ्यांना वर बोलावतो. प्रत्येकाने आपलं बायबल, स्तोत्रांचं पुस्तक, जे काही असेल ते आणून द्यायचं. ते सगळं एका जुन्या पिंपात भरतात, झाकण ठोकतात, आणि जपानी अंमलदार येऊन झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून मोहोर उठवतात. आपण परत निघून बंदराबाहेर पडलो की मगच पिंप उघडायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. गेल्या वर्षीही मी इथे आलो होतो. शिवाय वोबेने सकाळपासून दोनदा आठवण करून दिली होती. वोबे म्हणजे आमच्या आचाऱ्याच्या हाताखाली काम करतो तो, वर्कुमचा, आपल्या गावाहून चालत दोन तासांवरचा. मी पुढच्या शिडाचा फाटलेला कोपरा शिवत होतो. तांडेल माझ्या नावाने बोंबलत होता. घाईघाईने पेटीतून आईचं स्तोत्रांचं पुस्तक काढलं, नेऊन पिंपात टाकलं, आणि परत येऊन शिवायला बसलो. पिंपावर मोहोर उठली, पहाऱ्याच्या होड्या आमच्याभोवती येऊन लागल्या, आणि दुपारी मटाराचं सूप पिताना मला आठवलं की तुझं पत्र त्याच पुस्तकात होतं.

काय हे दैव!

आणि ते पिंप ठेवलं कुठे असेल? जहाजावर कोरडी आणि कुलूप लागणारी एकच कोठडी आहे, ती माझी, शिडांची. मी शिवायला बसतो तिथून हात लांब केला की बोटं पिंपाला लागतात. रोज सकाळी एक पहारेकरी येतो, वाकून पट्टी बघतो, माझ्याकडे बघतो आणि जातो. तीन महिने हे चालायचं.

तू एकदा म्हणाली होतीस की, जाशील तिथलं सगळं लिहून कळव, उगाच 'मी बरा आहे' एवढं लिहू नकोस. चार वर्षांत मी एकच पत्र लिहिलं आणि त्यात तेवढंच लिहिलं, तेही रागात. आता मला वेळच वेळ आहे. पण लिहू काय? बंदर समोर आहे आणि मी जहाजावर आहे. हिरवे डोंगर, त्यांच्या उतारावर करडी कौलं, खाली पाणी. पाण्यात एक मातीचं बेट, पंख्याच्या आकाराचं, त्यावर आपल्या डच कंपनीचे दहा-बारा लोक आणि त्यांची डुकरं. बेटाला एक पूल, पुलाला एक दार, आणि दाराला पहारा. साखर उतरवायला हमाल येतात. ते दिवसभर हसतात आणि कशावर हसतात ते आम्हाला कोणी सांगत नाही.

पत्र जायचं नाहीच इतक्यात. डिसेंबरात बटाव्हियाला, कंपनीच्या मोठ्या ठाण्यावर पोचलो की तिथून मायदेशी जाणाऱ्या जहाजांबरोबर जाईल. तरी लिहून ठेवतो.

सीब्रेन


नागासाकी बंदर, ३० ऑगस्ट

इम्के,

इथे आम्हाला मोजतात. सकाळी आणि संध्याकाळी. आलो त्या दिवशी प्रत्येकाचं नाव, वय आणि हुद्दा लिहून घेतला. आता रोज रांगेत उभं राहायचं आणि आपलं नाव आलं की 'हो' म्हणायचं. माझ्या नावाचा उच्चार त्या कारकुनाला जमत नाही. तो काहीतरी 'शिबुरेन' म्हणतो, आणि मी अर्धा क्षण गप्प राहिलो तरी सगळी यादी पहिल्यापासून वाचतो. काल माझ्यामुळे तीनदा वाचली. उन्हात डांबर पायाला चिकटत होतं. तांडेल म्हणाला, "अरे बाबा, तू स्वतःला शिबुरेन समज आणि सुटका कर आमची." आज मी पहिल्याच हाकेला 'हो' म्हटलं. नाव बदललं तरी माणसाला काही होत नाही, हे कळलं.

उकाडा इतका आहे की मेणात ओढलेला दोरा सुईत राहत नाही. जहाजावरून खाली पाय ठेवायची सोय नाही. किनाऱ्यावर माणसं बाजाराला चालली आहेत, बायका पाण्याशी कपडे धुताहेत, डोंगरावर कुठेतरी घंटा वाजते आणि आम्ही ह्या बाजूला उभे. वासही येतो, भाजलेल्या माशाचा, आणि त्या काळ्या खारट रसाचा जो हे लोक सगळ्यावर ओततात. आम्हाला मटार.

आता एक गोष्ट दुरुस्त करतो. मागच्या पत्रात मी दैवाला दोष दिला. दैवाचा काही संबंध नाही. तुझं पत्र मला जूनमध्ये मिळालं, बटाव्हियाला. जहाज तिथून निघायला अजून चौदा दिवस होते. त्यानंतर समुद्रावर सहा आठवडे गेले. एवढे दिवस पत्र माझ्या पेटीत होतं. कामातून सवड मिळायची, उजेड असायचा, मला वाचता येतं. मी उघडलं नाही.

पिंपात गेलं तेव्हापासून मात्र मला दुसरं काही सुचत नाही. वोबे म्हणतो, "दार उघडं होतं तेव्हा आत गेला नाहीस, आता कडी लागल्यावर ठोठावतोयस." तो आचाऱ्याच्या हाताखाली आहे म्हणून बोलतो. हातात पळी असली की माणसाला वाटतं आपण पाद्री आहोत.

तू त्यात काय लिहिलं असशील ते मला पाठ आहे. मी तुझ्या वडिलांना तुझ्यासमोर काय काय बोललो ते पहिल्या ओळीत असेल. चुलीत जाळायच्या पीटच्या ढेपा भरलेली होडी अर्धी रिकामी केलेली तशीच टाकून मी निघून गेलो, ते दुसऱ्या ओळीत. बरोबर आहे ना? मग माझंही ऐक. तुझ्या वडिलांच्या होडीवर मी दोन वर्षं काढली. दोन वर्षांत त्या माणसाने मला एकदाही गाठ मारू दिली नाही. मी मारली की ते सोडायचे आणि तशीच्या तशी पुन्हा मारायचे. मी शिडं शिवणारा माणूस आहे, इम्के. माझी गाठ कप्तानसुद्धा सोडत नाही. आणि तू तिथे बसून बटाटे सोलत होतीस. एकदा तरी 'बाबा, राहू दे ना' म्हणायचं होतंस.

हे मी चार वर्षांपूर्वी तोंडाने बोललो असतो तर बरं झालं असतं. त्या ऐवजी 'तुझ्या बापाचा आवाज पोचणार नाही अशा ठिकाणी जातो' असं ओरडलो आणि एन्क्हाउझन बंदरात जाऊन कंपनीच्या नोंदवहीत नाव घातलं. आवाज खरंच पोचत नाही इथे. तुझाही नाही.

सीब्रेन


नागासाकी बंदर, १९ सप्टेंबर

इम्के,

काल मला बेटावर पाठवलं. तिथल्या गोदामावरच्या ताडपत्रीला ठिगळ लावायचं होतं. आधी कपडे चाचपले, मग टोपी, मग बूट. दाभणांचा डबा उलटा केला आणि दाभणं मोजून लिहून घेतली. सात. परत येताना पुन्हा मोजली. सात. तेव्हा कुठे मला सोडलं.

बेट आपल्या चर्चच्या आवारापेक्षा जरा मोठं असेल. एक रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी घरं. आपले साहेब लोक खिडकीत बसून समोरच्या साहेबांकडे बघतात. एक म्हणाला, "गावाकडे काय चाललंय?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मी चार वर्षं गेलो नाही." तो म्हणाला, "मी अकरा." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. खिडकीबाहेर एक डुक्कर होतं.

तिथे दुभाषी हायाशिदा भेटला. पिंपावर पट्टी चिकटवायला आला होता तोच. पातळसा, पन्नाशीचा माणूस. आपली भाषा पुस्तकातून शिकलाय, त्यामुळे पाणी मागितलं तरी प्रवचन ऐकल्यासारखं वाटतं. मी ठरवूनच गेलो होतो. ताडपत्री सोडून त्याच्या मागे गेलो.

"साहेब, त्या पिंपाबद्दल बोलायचं होतं."

"कोणतं पिंप?"

"माझ्या कोठडीतलं. तुम्ही स्वतः पट्टी लावलीत ते."

"अच्छा, ते," तो म्हणाला. "त्यात खारवलेलं मांस आहे. यादीत तसं लिहिलंय."

"त्यात पुस्तकं आहेत, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"पुस्तकं असती तर मला ती वर कळवावी लागली असती. मी कळवलेलं नाही, त्याअर्थी मांस आहे."

"बरं, मांस तर मांस. त्या मांसात माझ्या बायकोचं पत्र आहे."

त्याने पंखा हलवायचा थांबवला. "काय लिहिलंय पत्रात?"

"माहीत नाही. उघडलेलं नाही."

"उघडलेलं नाही? मग तुमचा तांडेल सांगतो की तुम्ही महिनाभर सगळ्यांवर चिडलेले आहात. ते कशावर?"

"बाहेरच्या पत्त्यावर," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. आता तुलाही सांगायलाच हवं. पत्ता गेर्लोफ मास्तरांच्या अक्षरात होता. ते लांब शेपटीचं अक्षर मी लाखात ओळखीन, शाळेत त्याच अक्षरावरून छड्या खाल्ल्यात. तुला लिहिता येत नाही हे मला माहीत आहे, कुणाला तरी सांगून लिहून घ्यावं लागणार हेही कळतं. पण गावात पाद्रीबुवा होते, माझी मावशी होती. तू मास्तरांकडेच गेलीस. बायको वारल्यापासून रविवारी चर्चमध्ये गाणं सुरू करून देताना ते तुझ्या बाकाकडे बघून सूर लावायचे. तू म्हणायचीस ते खिडकीकडे बघतात. मी पत्ता वाचला आणि मला तुम्ही दोघं दिसलात, टेबलाशी, एक सांगतेय आणि एक लिहितोय. मला तुझं म्हणणं मास्तरांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हणून उघडलं नाही. झालं सांगून.

हायाशिदाने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "अक्षर चांगलं आहे का त्यांचं?"

"आहे."

"मग राग समजण्यासारखा आहे," तो म्हणाला. हसला की नाही ते त्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही. मग जवळ आला. "ऐका. ती पट्टी माझ्या हातची आहे. ती फाटली तर आधी मी जाईन, मग माझ्या थोरल्या भावाचं काम जाईल, मग त्याच्या मुलाचं. आमच्या घरात चार पिढ्या हेच काम करतो. तुमच्या पत्नींना माझा नमस्कार लिहा. पण पट्टीला हात लावू नका."

म्हणून त्याचा नमस्कार तुला लिहितोय. माणूस वाईट नाही. त्यामुळे जास्तच वैताग आला. वाईट असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो.

सीब्रेन


नागासाकी बंदर, ११ ऑक्टोबर

इम्के,

गावात त्यांचा उत्सव चाललाय. तीन दिवस ढोल वाजताहेत. घरांच्या मागे कुठेतरी मोठं काहीतरी नाचवत नेतात. कौलांच्या वर त्याचा शेंडा दिसतो, वर-खाली होतो, गर्दी ओरडते आणि शेंडा नाहीसा होतो. आम्ही सगळे कठड्याशी उभे राहून शेंडा बघतो. मला कुणी घरी विचारलं, नागासाकीत काय पाहिलंस, तर मी सांगणार की शेंडा पाहिला.

काल सगळे असे बाहेर बघत असताना मी कोठडीत गेलो.

पट्टी झाकणावर आहे, खालच्या बाजूला नाही. पिंप आडवं करून खालचा लोखंडी पट्टा सैल केला, तर तळाची एक फळी निघेल, हात आत जाईल, आणि वरच्या मोहोरेला धक्काही लागणार नाही. दोन महिने त्या पिंपाकडे बघत शिवतोय, मला त्याची फळी न् फळी पाठ झालीय. पिंप आडवं केलं. लाकडी हातोडीने पट्टा अर्धा बोटभर सरकवला. आतली पुस्तकं एकमेकांवर घसरल्याचा आवाज आला. तेवढ्यात वोबे आला. मटार गाळायला जुन्या शिडाचा तुकडा हवा होता म्हणे.

त्याने बघितलं, पिंप उभं केलं आणि त्यावर बसला.

"ऊठ," मी म्हणालो.

"नाही."

"वोबे, चुलीवर मटार आहेत तुझे."

"करपू देत."

"मी मोहोरेला हात लावत नाहीये. खालून काढतोय."

"आणि उद्या त्या पहारेकऱ्याने पिंप हलवलं आणि तळ निसटला तर? त्या दुभाष्याला काय सांगशील, की मांस आपणहून चालत गेलं?"

"तुला काय करायचंय त्या दुभाष्याचं?"

"मला काही नाही. तू म्हणालास तो माणूस बरा आहे, म्हणून बसलोय. नाहीतर मला खुर्च्या कमी आहेत का?"

मी त्याला बखोटीला धरून ओढलं. तो माझ्याहून जड आहे, हलला नाही. मी त्याला, त्याच्या आईला, वर्कुमच्या सगळ्या लोकांना नको नको ते बोललो. तो ऐकत बसला. मटार करपल्याचा वास आला तरी बसला.

मग म्हणाला, "शिव्या घातल्या असतील तिने तर नोव्हेंबरात शिळ्या होणार नाहीत. आणि गोड लिहिलं असेल तर तेही टिकेल. तुला घाई कसली झालीय ते मला ठाऊक आहे. पत्र आलं त्याच दिवशी दुपारी तू काय करून बसलास, ते सांगितलंस का तिला?"

"नाही."

"एवढी पानं लिहितोस, त्यात ते नाही?"

नव्हतं. आता लिहितो.

माझा तीन वर्षांचा करार, बटाव्हियाला पोचल्या दिवसापासून मोजलेला, जूनमध्ये संपला होता. तुला माहीत असेल, तू दिवस मोजणारी आहेस. जपानची फेरी मी नको म्हणू शकत होतो. बटाव्हियात थांबलो असतो आणि मायदेशी जाणाऱ्या पहिल्या जहाजावर चढलो असतो. पेटी आवरून ठेवली होती. सकाळी टपाल आलं, मी तुझ्या पत्रावरचा पत्ता पाहिला, आणि दुपारी कचेरीत जाऊन आणखी तीन वर्षांवर सही केली. कारकुनाने विचारलं, "विचार केलास का?" मी म्हटलं, "तुझं काम तू कर."

सही करायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात पत्र वाचून झालं असतं. मला आता घाई आहे ती एकाच गोष्टीची, की त्या पत्रात तू मला सोडल्याचं लिहिलेलं असावं. मास्तरांबरोबर तुझं ठरलं असं लिहिलेलं असावं. मग माझी सही शहाणपणाची ठरेल. असं वाटणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते तूच ठरव.

पट्टा परत ठोकून बसवला. वोबे जेवताना सगळ्यांना सांगत होता की मटार त्याच्याच चुकीने करपले.

सीब्रेन


समुद्रावर, ६ नोव्हेंबर

इम्के,

आज सकाळी पिंप उघडलं.

निघायचा दिवस इथल्या राज्यकर्त्यांनी ठरवलेला असतो. वारा असो नसो, त्या दिवशी नांगर उचलायचाच. आम्ही बंदराच्या तोंडाशी जाऊन वाऱ्याची वाट बघत पडलो. शेवटी हायाशिदा होडीतून आला, पट्टी नीट तपासली, स्वतःच्या हाताने सोडवली, घडी करून बाहीत ठेवली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "मांस चांगलं निघो." पुढच्या वर्षी भेटू असं तो म्हणाला नाही, पण मी पुढच्या वर्षीही येणार आहे, आणि हे त्याच्या यादीत असणार.

किनारा दिसेनासा झाल्यावर तांडेलाने झाकण फोडलं. सगळे तुटून पडले. त्या पिंपात आधी कधीतरी खरंच खारवलेलं मांस असावं, कारण सगळ्या पुस्तकांना तो वास लागलाय. माझं पुस्तक तळाशी होतं. पत्र त्यातच होतं.

बाहेर मास्तरांचं अक्षर. आत तुझं.

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं कुणा लहान मुलीने लिहिलंय. एकेक अक्षर वेगळं, काही पाठमोरी, ओळ डावीकडून निघते आणि उजवीकडे पोचेपर्यंत खाली घसरते. सोळा ओळी. तू लिहायला शिकलीस, आणि मला कुणी सांगितलं नाही. कोण सांगणार होतं? सांगणारं पत्र मी पेटीत ठेवलं होतं.

तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे. पण मी ते इथे पुन्हा लिहितो, माझ्याच हाताने, म्हणजे मला कळेल.

'सीब्रेन. हे माझं अक्षर आहे. हसू नकोस. बाबा वसंतात गेले. शेवटी तुझं नाव काढायचे. म्हणायचे, आता भांडायला कोणी नाही. होडी माझी झाली. मास्तरांनी बोल्सवर्डच्या बाईशी लग्न केलं. तीच मला लिहायला शिकवते. पत्ता मास्तरांनी घातला. माझं अक्षर कंपनीच्या कारकुनाला लागलं नसतं. तुझी तीन वर्षं येत्या उन्हाळ्यात संपतील. उत्तर लिहू नकोस. तू रागात लिहितोस. ते इथे येईपर्यंत तुझा राग उतरतो आणि माझा चढतो. तूच ये. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जहाजं येतील तेव्हा मी होडी घेऊन एन्क्हाउझनला येईन. रोज धक्क्यावर उभी राहीन. राग असेल तर तिथे काढ. गाठी तू मार. मी सोडणार नाही.'

मी वाचलं आणि शिडांच्या कोठडीत जाऊन बसलो. वोबेने जेवण आणून ठेवलं. मीच त्याला वाचून दाखवलं. मग म्हणाला, "तरी बरं, शिव्या नाहीत."

मी म्हटलं, "असत्या तर बरं झालं असतं."

मला ओरडावंसं वाटतंय, आणि ओरडायचं कुणावर ते सुचत नाही. तुझे बाबा गेले. मास्तर सुटले. जपानी लोकांनी तर मांस सांभाळून परत दिलं. उरलो मी.

सीब्रेन


बटाव्हिया, २२ डिसेंबर

इम्के,

कचेरीत तीनदा गेलो. पहिल्यांदा म्हटलं, चूक झाली. कारकून म्हणाला, "सही तुझीच ना?" दुसऱ्यांदा म्हटलं, तब्येत बरी नाही. त्याने वैद्याकडे पाठवलं. वैद्य म्हणाला, "इथे तुझ्याइतका धडधाकट माणूस मी आठवडाभरात पाहिला नाही." तिसऱ्यांदा मी तुझं पत्रच समोर ठेवलं. कारकुनाने ते पूर्ण वाचलं. ओळीवर बोट ठेवून, सावकाश. मग घडी करून मला परत दिलं आणि म्हणाला, "जूनमध्ये मी तुला विचारलं होतं." त्याचं म्हणणं खोटं नाही. माणसं ज्वराने मरताहेत, जहाजांना हात कमी पडताहेत, सही केलेल्याला कोण सोडणार? १७७७ च्या जूनपर्यंत मी कंपनीचा आहे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जहाजं मायदेशी निघतील. वोबेचा करार संपलाय, तो चाललाय. ही सगळी पत्रं त्याच्याजवळ देतोय. पिंप उघडण्याआधीची चार जाळून टाकायची होती, निदान मास्तरांबद्दलचं तरी फाडायचं होतं. वोबे म्हणाला, "दे सगळी. नाहीतर तिला वाटेल तुला दैवानेच अडवलं." म्हणून सगळी देतोय. मास्तरांच्या बायकोने शिकवलंय तुला, तेव्हा तेवढं पान त्यांच्या घरी वाचू नकोस.

थांब असं सांगायचा मला हक्क नाही. तरी सांगतो, थांब. तू हे वाचशील तेव्हापासून, परतीचा प्रवास धरून, तीन वर्षं. जमलं नाही तर मी कुणाला दोष देणार नाही. या वेळी खरंच नाही. होडीवर नवा माणूस ठेवायचा असला तर ठेव, फक्त पीटखाली दबून तुझी पाठ मोडू देऊ नकोस.

पुढचं आधी वाचायला हवं, म्हणून हेच पान सगळ्यांत वर ठेवतोय. आणि तुला वाचता यावं म्हणून मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहितोय. वोबेला सांगितलंय की होडीतूनच पत्रं आधी धक्क्यावर फेक, मग उतर. तो फेकणार नाही, त्याला पाण्यात पडायची भीती वाटते. म्हणजे तो आधी तुला दिसणार आणि पत्र मागून मिळणार. तरीही लिहितोय.

होडीतून एक माणूस उतरेल. उन्हाने काळा झालेला, माझ्याएवढ्याच उंचीचा, माझा निळा कोट घातलेला, कारण त्याचा फाटला आणि मी माझा दिला. हात हलवू नकोस असं त्याला बजावलंय, पण तो हलवेल. तुझं नाव घेऊन हाकही मारेल.

धावू नकोस, इम्के. तो मी नाही.

सीब्रेन